कोर्टात ठरलेला हिंदू धर्म

भारताच्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याची हमी आहे, पण धर्म म्हणजे काय हे कुठेच सांगितलेले नाही. ते काम न्यायाधीशांच्या गळ्यात पडले. १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात (हे शिरूर उडुपीकडचे, पुणे जिल्ह्यातले नव्हे) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्माला ईश्वर लागतोच असे नाही. बौद्ध आणि जैन धर्मांकडे पाहा. शिवाय पूजाअर्चा, विधी, खाण्यापिण्याचे नियम हेही धर्मातच मोडतात.

‘हिंदू कोण’ हा प्रश्न मात्र देवळाच्या दारातून आला. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात दलित येणार असे दिसताच सत्संगी मंडळींनी, म्हणजे त्या संप्रदायाच्या अनुयायांनी, जानेवारी १९४८ मध्ये दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, तेव्हा हा कायदा आम्हाला लागू नाही. दलितांना बाहेर ठेवण्यासाठी हिंदुत्वच नाकारायची तयारी! खालच्या कोर्टात ते जिंकले, उच्च न्यायालयात हरले. १४ जानेवारी १९६६ रोजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्यांचे अपील फेटाळले आणि हा दावा अंधश्रद्धा व अज्ञानातून आल्याचे सुनावले.

गजेंद्रगडकर साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घरातले. व्याख्या शोधता शोधता ते लोकमान्य टिळकांपाशी थांबले: ‘प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता । उपास्यानामनियमः’. म्हणजे वेद प्रमाण, साधनेचे मार्ग अनेक, आणि अमुकच देव भजावा असे बंधन नाही. निकालाच्या इंग्रजीत या शेवटच्या लक्षणाचे ‘देव पुष्कळ’ असे झाले, आणि हा अर्थ मूळ ओळीहून निराळा. खरी अडचण पहिल्या लक्षणाची. ते काटेकोर लावले तर जैन-बौद्ध बाहेर राहतात. घटनेच्या २५ व्या कलमाचे स्पष्टीकरण मात्र मंदिरे खुली करण्यापुरते त्यांना आणि शिखांना ‘हिंदू’ शब्दात धरते.

त्याच निकालात हिंदू धर्माला ढोबळमानाने ‘जीवनपद्धती’ म्हटले होते. डिसेंबर १९९५ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांनी, धर्माच्या नावाने मते मागितल्याच्या निवडणूक खटल्यांत, त्याचा आधार घेत ‘हिंदुत्व’ शब्दालाही तोच अर्थ दिला. मनोहर जोशींची दादरमधली निवड रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल त्या वेळी फिरला. दलितांना देवळात घेण्यासाठी केलेली व्याख्या अशी प्रचारसभेतल्या भाषणांना लागू झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्या अर्थाच्या वादात शिरायचे टाळले.