टाकीखालच्या तांबड्या रेघा

गेल्या मे महिन्यात भाच्यासाठी गुहागरच्या बाजूला एक सेकंडहँड मोटरसायकल बघायला गेलो होतो. गाडी धुऊन-पुसून अंगणात लावलेली, टाकी चकाचक. "एकदा स्टँडवरून कलंडली होती, बाकी काही नाही," मालक म्हणाले. लेग गार्डवर आणि फूटरेस्टच्या टोकाला खरचटल्याच्या खुणा होत्या. त्या त्यांच्या सांगण्याशी जुळत होत्या.

मग त्यांना विचारून सीट काढली, टाकी मागून थोडी उचलली आणि आत मोबाईलचा टॉर्च मारला. टाकीखालून जाणारी चासीची वरची नळी जिथे मानेला, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं त्या पुढच्या जाड नळीला, वेल्ड केलेली असते, तिथेच तिच्या पाठीवर केसाएवढ्या बारीक तीन-चार तांबड्या रेघा होत्या. नळीला आडव्या, एकमेकींना समांतर. नुसत्या कलंडलेल्या गाडीला तिथे रेघा पडत नाहीत.

पोलाद ताणतं, पण फार थोडं. साध्या पोलादाची मीटरभर लांब पट्टी साधारण 1.2 मिलीमीटरपर्यंत ताणली, तर सोडल्यावर ती मूळ लांबीवर येते. त्यापुढे गेलं की आतल्या स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ती लांबी परत येत नाही. वरचा वाळलेला रंग मात्र एवढं सोसत नाही. तो ताणाच्या दिशेला आडवा तडकतो. पोलादी तुळयांची ताकद तपासणारे अभियंते याच गुणाचा उपयोग करतात. तुळईला चुना फासून तिच्यावर भार वाढवत नेतात. जिथे पोलाद कायमचं वाकायला लागतं, तिथे चुन्याचे पापुद्रे सुटतात. गाडीचा रंगही नेमकं हेच काम करतो.

समोरून धडक बसली की पुढचं चाक मागे रेटलं जातं. ते चाक धरणारा फोर्क तरफेसारखा वागतो: मानेचं खालचं टोक मागे जातं, वरचं पुढे. त्यामुळे वरच्या नळीची पाठ ताणली जाते आणि इंजिनासमोरून उतरणारी नळी दाबली जाऊन फुगते किंवा तिच्या रंगावर सुरकुत्या येतात. वेगाचा अंदाज हवा असेल तर ताशी 40 किलोमीटरला भिंतीवर आदळणं म्हणजे सव्वासहा मीटरवरून खाली पडणं. ताशी 60 ला हीच उंची 14 मीटर होते, म्हणजे चांगल्या उंच माडाचा शेंडा.

आता खारी हवा. लाटा फुटताना पाण्यातले बुडबुडे फुटतात, त्यांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि मिठाचा थर गाडीवर बसतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे हर्णै, देवगड, मालवणला हा थर वर्षभर जवळजवळ ओलाच. रंगाची चीर डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असली तरी त्यातून हे खारट पाणी लोखंडापर्यंत पोहोचतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, कडेचा रंग उचलतो आणि चीर तांबडी होऊन उघडी पडते. घाटावर वर्षानुवर्षं लपून राहिली असती अशी इजा आपल्याकडे एका पावसाळ्यात दिसू लागते. मिठाने आपल्या गाड्या खाल्ल्या हे खरंच आहे, पण अपघाताची साक्षही तेच देतं.

मात्र प्रत्येक गंज अपघाताचा नसतो, आणि कोकणात गाडी बघताना हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं. नेहमीचा गंज पाणी साचतं तिथे धरतो: मडगार्डच्या आत, स्टँडच्या सांध्यावर, सायलेन्सरच्या पोटाला. तो डागासारखा पसरतो आणि साधारण दोन्ही बाजूंना सारखा असतो. अपघाताचा गंज रेघेत असतो, पाणी थांबत नाही अशा जागी, पुष्कळदा एकाच अंगाला. आणि उलटंही बघा. दहा पावसाळे काढलेल्या गाडीची मानेजवळचीच चासी काळीभोर नवी दिसत असेल, तर तिथे रंग का मारावा लागला हे विचारलंच पाहिजे.

मान सरकल्याने गाडीचा स्वभाव बदलतो. हँडलचा अक्ष सरळ खाली वाढवला तर तो चाक टेकतं त्या जागेच्या पुढे जमिनीला भेटतो. चाक त्या बिंदूमागे ओढलं जातं, म्हणून ते आपोआप सरळ राहतं. सामान्य गाडीत, अक्ष उभ्या रेषेपासून 26 अंश कललेला धरला तर, हे अंतर 90 मिलीमीटरच्या आसपास येतं. मान दोनच अंश उभी झाली की त्यातले सुमारे 12 मिलीमीटर जातात. हँडल हलकं लागतं, आणि घाटाच्या उतारावर खड्डा आला की थरथरतं. दोन अंश डोळ्यांना कळत नाहीत. गवंड्याची दोरी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी टेकवून पुढे ताणली, तर चाकं एका रेषेत आहेत का ते कळतं, पण मानेचा कल त्यात दिसत नाही.

"चासी सरळ करून घेतली आहे" हे उत्तर मला कधीच पटत नाही. तार हातात घेऊन एकदा वाकवा आणि सरळ करा. ती जागा आधीपेक्षा कडक लागेल. असंच करत राहिलात तर तुटेल. सरळ केलेली नळी दिसायला सरळ असते, पण न तुटता ताणलं जाण्याची तिची क्षमता बरीचशी वापरून झालेली असते.

भाचा म्हणाला, रेघा फक्त रंगातच असतील तर? मी मालकांकडे रॉकेल मागितलं, आणि त्यांनी कुठूनसं थोडं शोधून आणलं. इंजिन गार होतं. सुटलेला रंग खरवडून तिथे रॉकेल लावलं, पंधरा मिनिटं थांबलो, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर शाळेतला पांढरा खडू घासला. तड असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूत परत झिरपतं. थोड्या वेळाने वेल्डच्या कडेला बोटाच्या पेराएवढी ओली रेघ उमटली. इतर रेघा रंगाच्याच होत्या, पण ही लोखंडात होती.

मालक बराच वेळ वाकून बघत राहिले. त्यांनीही ही गाडी दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतली होती, आणि त्यांचा मुलगा रोज तिच्यावरून चिपळूणला कॉलेजला जात होता. त्यांनी किल्ली काढून घेतली आणि ठाम आवाजात मुलाला सांगितलं, उद्यापासून एसटीने जायचं.