फाळाला धार पाण्याने येते का?

तापवलेला फाळ अमुक एका विहिरीच्या पाण्यात बुडवला तरच त्याची धार टिकते, असे सांगणारे खानदेशात आजही भेटतात. वास्तविक पाण्याचे काम पोलादातील उष्णता झपाट्याने काढून घेणे, एवढेच असते. पाणी खारे असेल तर तापल्या धातूभोवतीचा वाफेचा थर लवकर फुटतो आणि धातू अधिक वेगाने निवतो. त्यापुरते या समजुतीत तथ्य आहे.

खरी करामत लोखंडात थोडासा मिसळून त्याचे पोलाद करणाऱ्या कार्बनची. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी असे रचलेले असतात व त्यांच्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेले पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर नेले, की अणू कोपऱ्यांवर आणि घनाच्या सहाही पृष्ठांच्या मध्यावर येतात आणि कार्बन त्यांच्यात सामावतो. सावकाश निवताना तो बाहेर पडून लोहाचे कार्बाइड बनवतो. एकदम निववल्यास त्याला तेवढी सवड मिळत नाही, तो आतच अडकतो आणि घन एका दिशेने ताणला जातो. ही ताणलेली रचना म्हणजे मार्टेन्साइट: अतिशय कठीण, पण काचेसारखी ठिसूळ. म्हणून थोडा कठीणपणा सोडून ठिसूळपणा घटवण्यासाठी लोहार अवजार पुन्हा हलके तापवतो. तेव्हा पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ थर जाड होत जातो आणि त्यातून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे (लहरी एकमेकींत मिसळून काही रंग उठावतात, काही पुसले जातात) रंग दिसतात, साधारण २२० अंशांना फिकट पिवळा, तर ३०० अंशांच्या आसपास निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबवतात. घाव सोसणारी कुऱ्हाड जांभळ्या-निळ्यापर्यंत नेतात. तापमापकाविना हे साधणारी नजर गावाला हवी होती, आणि तिच्यासाठी बलुतेदार लोहाराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे.

तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन थरांच्या वर लोखंडाच्या वस्तू मिळाल्या, म्हणजे या खोऱ्याची लोखंडाशी ओळख फार जुनी आहे. उन्हात वाळून टणक होणाऱ्या काळ्या जमिनीत लाकडी नांगराचे टोक लवकर झिजते; तेथे फाळ, वखराची पास, विळे आणि गाडीच्या चाकाची धाव यांसाठी शेतकरी लोहारावर अवलंबून असे, आणि मृगापूर्वी भात्याला उसंत नसे.

साडेसाती टळावी म्हणून काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी विकणाऱ्यांनी एवढे तरी जाणावे, की नाल सहसा कमी कार्बनच्या लोखंडाची असते आणि कितीही वेळा पाण्यात बुडवली तरी फारशी कठीण होत नाही. बांधकामाच्या साध्या सळईचेही तेच आहे. कोयत्यासाठी लोहार ट्रकच्या कमानीचे जुने पाटे शोधतो, कारण त्यांत कार्बन सुमारे अर्ध्या टक्क्याहून अधिक असतो.