मायक्रोफोनची इनपुट पातळी

संगणकावरून कॉल करताना बोलणाऱ्याचा आवाज मायक्रोफोनमधून किती जोराने आत घ्यायचा, हे ठरवणारी मात्रा. स्पीकरच्या व्हॉल्यूमशी तिची नेहमी गल्लत होते. स्पीकर कितीही वाढवला तरी पलीकडच्याला आपले बोलणे तेवढेच ऐकू जाते.

पातळी डेसिबलमध्ये मोजतात. डिजिटल ध्वनीत 0 ही वरची हद्द. त्याखालचे सगळे आकडे उणे. 0 ला आदळलेल्या ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात (क्लिपिंग). असा फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो. पातळी फार खाली ठेवली, तर ऐकणारा आपल्याकडचा आवाज वाढवतो आणि सोबत पंख्याची घरघरही वाढते. बोलण्याची उंच टोके उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान असावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

विंडोजमध्ये पातळी कमी-जास्त करण्याची पट्टी सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेने इनपुटखाली सापडते. मॅकवरही ती साउंडमध्येच असते. काही संगणकांत 'मायक्रोफोन बूस्ट' वेगळे असते. त्याला हात अगदी शेवटी लावावा, कारण ते खरखरही तेवढीच वाढवते. त्याआधी माइक जवळ घ्यावा: अंतर निम्मे केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने चढतो. तोंडापासून वीतभर अंतर पुरते. श्वासाचा झोत थेट लागू नये म्हणून माइक किंचित बाजूला ठेवतात.

ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या मराठी घरांतून कोणी कॉलवर गाणे शिकवू लागले, की हा विषय जरा अवघड होतो. ग्वाल्हेर घराण्याची गायकी मोकळ्या, खुल्या आवाजाची. 'हॅलो, येतोय का आवाज?' एवढे बोलून लावलेल्या पातळीवर तार षड्जाला (वरच्या सप्तकातल्या 'सा'ला) आवाज हमखास फाटतो. म्हणून सर्वांत जोराची तान घेऊनच पातळी लावावी. झूमसारख्या अॅपमध्ये पातळी आपोआप बदलण्याची सोय सुरू असेल, तर लावलेली पट्टी कॉलमध्ये स्वतःहून सरकते: तान चढली की आवाज दाबला जातो, गुरुजी थांबले की तानपुरा अंगावर येतो. ती सोय आधी बंद करावी.

दुसरी अडचण तानपुऱ्याचीच. गोंगाट गाळणारी यंत्रणा एकसारख्या चालणाऱ्या ध्वनीला गोंगाट समजते, त्यामुळे शिष्याला गळा ऐकू येतो पण आधारस्वर विरून जातो. झूममधील 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय ही गाळणी बाजूला करतो. ब्लूटूथ हेडसेट मात्र इथे टाळलेला बरा. त्याचा माइक चालू झाला की आवाजाची प्रत बहुधा उतरते आणि वरचे स्वर बोथट होतात.

गाळणी काढली की तानपुऱ्याबरोबर कूलरही पलीकडे पोहोचतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तो बंद ठेवणे सोपे नाही, तेव्हा उन्हाळ्यात शिकवणी पहाटेची ठेवणेच सोयीचे.