छपराखालचा बाजार: पुण्यातल्या मॉलची पार्श्वभूमी

पुण्यातल्या मॉलचा विषय निघाला की बोलणं २०११ सालावर येऊन थांबतं. त्या वर्षी विमाननगरला फिनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरला अमनोरा टाउन सेंटर सुरू झालं. त्याच सुमारास नगर रस्त्यावर इनऑर्बिटही उघडलं. पण सगळा बाजार एका छपराखाली आणायची कल्पना या गावाला त्याच्या १२५ वर्षं आधीपासून माहीत होती, आणि त्यावरून इथे चांगला वादही झाला होता. तो वाद वगळून मॉलची गोष्ट सांगितली तर मला ती अर्धीच वाटते.

एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. ती जागा आजही जुनी मंडई म्हणूनच ओळखली जाते. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, एरवी धूळ. नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या बागेची जागा घेऊन पक्की इमारत उभारायचं ठरवलं. मधोमध उंच मनोरा आणि त्याच्याभोवती आठ दिशांना पसरलेली दालनं, अशी ती वास्तू वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधली. १८८६ साली ती खुली झाली आणि तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांवरून तिला रे मार्केट हे नाव मिळालं. कुठल्याही दालनातून चालत निघालं की माणूस मनोऱ्याखाली पोचतो. आजच्या मॉलमध्ये सगळ्या वाटा मधल्या उंच चौकात येऊन मिळतात, तीच ही युक्ती.

या इमारतीला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. हा माणूस बाजाराचा शत्रू नव्हता. घराणं फुलमाळ्यांचं, स्वतः कंत्राटदार आणि व्यापारी, त्यामुळे भाजीपाला मळ्यातून गावात कसा येतो आणि त्यात कुणाचं किती सुटतं हे त्यांना सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा जास्त कळत होतं. प्रश्न लोकांच्या पैशाचा होता: तो आधी कशावर खर्चायचा? पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. काहींना ते नाव विसंगत वाटतं. मला ते फार योग्य वाटतं, कारण मंडई नगरपालिकेची होती म्हणूनच तिच्यावर सभेत भांडता आलं. खासगी मालकाच्या इमारतीवर असा वाद होत नाही.

मंडई नुसती भाजीची राहिली नाही. वरच्या मजल्यावर नगरपालिकेचं कामकाज चालायचं. १९२४ साली बाहेरच्या चौकात लोकमान्य टिळकांचा पुतळा मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिला. पुढे निवडणुकीच्या सभा इथेच गाजल्या, आणि गाळेवाल्यांच्या परखड राजकीय मतांमुळे ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द पुणेरी बोलण्यात रुजला. शेजारी तुळशीबाग. पेशवाईतल्या राममंदिराच्या आवारात आणि भोवती वाढलेला बायकांच्या खरेदीचा बाजार. लहानपणी आईबरोबर या दोन्ही ठिकाणी गेलो की अर्धा दिवस जायचा आणि पिशवीत जेमतेम चार वस्तू असायच्या. बाकी वेळ कुणी ना कुणी भेटण्यात जायचा. कॅम्पातही त्याच काळात कॅनॉट मार्केट, म्हणजे आजचं शिवाजी मार्केट, दगडी बांधणीत उभं राहिलं होतं. तिथलं गिऱ्हाईक वेगळं, छप्पर तेच.

आता थोडं दूर जावं लागेल. आज ज्याला आपण मॉल म्हणतो, तो चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित बाजार पहिल्यांदा उभा राहिला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. मिनिॲपोलिसजवळच्या ईडायना गावात ऑक्टोबर १९५६ मध्ये साउथडेल सेंटर उघडलं. त्याचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन हे मूळचे व्हिएन्नाचे ज्यू, नाझींमुळे १९३८ साली देश सोडून आलेले. मिनेसोटात हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी आणि उन्हाळ्यात उकाडा. बाहेर फिरून खरेदी करण्याजोगे दिवस वर्षात थोडेच. म्हणून ग्रुएननी दुकानांची तोंडं रस्त्याकडून आत वळवली, मधे छताखाली बाग केली, आणि एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन मोठी दुकानं एकाच इमारतीत आणली. मोठ्या दुकानाकडे जाणारं गिऱ्हाईक वाटेत छोट्या दुकानांत रेंगाळतं, हे त्यामागचं गणित. अशा मॉलला ‘रीजनल मॉल’ म्हणतात ते याच अर्थानं: एका पेठेचा किंवा उपनगराचा नव्हे, अख्ख्या टापूचा.

ग्रुएनना मात्र दुकानांपेक्षा जास्त काही हवं होतं. घरं, शाळा, दवाखाने यांच्या मधोमध हा चौक असावा, माणसांनी तिथे व्हिएन्नासारखं नुसतं बसावं, भेटावं, अशी त्यांची योजना होती. उभी राहिली फक्त दुकानं आणि भोवती मोटारी लावायची प्रचंड मैदानं. पुढे ते व्हिएन्नाला परतले, आणि अमेरिकेतल्या अशा मॉलशी आपला संबंध नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. १९८० साली ते व्हिएन्नातच वारले.

भारतात ही लाट १९९९ च्या आसपास आली. दिल्लीत अन्सल प्लाझा, मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स. क्रॉसरोड्समध्ये सुरुवातीला गर्दी इतकी झाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशासाठी पैसे घ्यायचं ठरलं. त्यावर मोठी टीका झाली आणि ती पद्धत गेली. पण बाजारात पाऊल टाकायला तिकीट ही कल्पना मराठी मुलुखात कुणाच्या तरी डोक्यात आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात पहिली पायरी कॅम्पात पडली. एसजीएस मॉल, न्यूक्लिअस, मग बंडगार्डन रस्त्यावर पुणे सेंट्रल. २००१ मध्ये राज्यानं मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि सिनेमा हे मॉलचं इंजिन झालं. त्या काळातल्या बऱ्याच शॉपिंग सेंटरांत गाळे एकेकट्या गुंतवणूकदारांना विकून टाकले जायचे. मग कुठलं दुकान कुठे असावं, दिवे कधी लावायचे, शटर किती वाजता उघडायचं, यावर कुणाचंच चालत नसे. एकानं साड्या ठेवायच्या, शेजारच्यानं झेरॉक्सचं मशीन लावायचं, तिसऱ्याचा गाळा वर्षानुवर्षं बंद. २०११ नंतरच्या मोठ्या मॉलनी हे टाळलं. मालकी एकाच हातात, गाळे भाड्यानं, आणि भाडं अनेकदा ठरावीक रक्कम किंवा विक्रीतला ठरावीक टक्का, यांतलं जे जास्त असेल ते. त्यामुळे दुकानदाराचा गल्ला भरणं ही मॉलवाल्याचीही गरज बनली. फूडकोर्ट आणि सिनेमा सगळ्यात वर ठेवले जातात तेही याचसाठी. वर जाताना आणि खाली येताना प्रत्येक मजला डोळ्यांखालून जावा.

मग हे मोठे मॉल शहराच्या पूर्वेलाच आधी का आले? कारण पगार तिकडे होते. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून वसवलेलं नगर, खराडीतली आयटी संकुलं, जवळ विमानतळ. नव्यानं आलेल्या तरुण कुटुंबांना लक्ष्मी रोड लांब होता आणि तिथे गाडी लावायला जागा नव्हती. येरवड्यात ईशान्य मॉलनं, जे आता क्रिएटिसिटी आहे, घरसजावटीची दुकानं उघड्या आवाराभोवती मांडली. पुण्याच्या हवेला ते जास्त शोभतं असं माझं मत आहे. इथली डिसेंबरची संध्याकाळ काचेआड घालवण्यासारखी नसते. साउथडेलचं छप्पर थंडीनं मागितलं होतं, आपण ते बरोबर आलेल्या नकाशासकट घेतलं.

सगळेच टिकले नाहीत. इनऑर्बिट काही वर्षांतच बंद झाला आणि ती इमारत कार्यालयांकडे गेली. कोरेगाव पार्क प्लाझा रूप बदलून कोपा झाला. २०१७ मध्ये सेनापती बापट रस्त्यावर पॅव्हिलियन आला, तर सप्टेंबर २०२३ मध्ये वाकडला फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम. हिंजवडीची माणसं पूर्वेला येतील याची वाट आता कुणाला पाहायची नव्हती. मधे करोनाकाळात मॉल बंद राहिले, ऑगस्ट २०२० मध्ये उघडले, पुन्हा बंद झाले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी परत उघडले.

तरी जुना प्रश्न मिटलेला नाही. २०१९ मध्ये महापालिकेनं मॉल आणि मल्टिप्लेक्समध्ये पार्किंगचे पैसे घेऊ नयेत अशी भूमिका घेतली. बांधकामाच्या परवानगीतच वाहनतळ बंधनकारक असतो, मग त्याचं वेगळं शुल्क कशाला, हा त्यामागचा मुद्दा. वीस-चाळीस रुपयांचं भांडण म्हणून त्याची हेटाळणी झाली, पण मला ते मंडईच्या वादाचंच पुढचं पान वाटतं: छपराखालची जागा किती मालकाची आणि किती गावाची? मॉलमधे आज आजीआजोबा सकाळी चालायला येतात, मुलं अभ्यासाला बसतात. ग्रुएनना हवं होतं त्यातलं थोडंसं लोकांनी आपणहून तिथे आणलंय. मात्र तिथल्या चौकात कुणाला निवडणुकीची सभा घेता येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झालं. आता पिंपरीकडचा माणूसही मेट्रोनं मंडईच्या दारात उतरू शकतो. सरकत्या जिन्यानं वर आलं की समोर मनोरा, आणि त्याच्या पायथ्याशी कोथिंबिरीच्या जुड्या.