व्हॉल्व्ह रेडिओ कुठे बिघडतो, आणि तिथेच का

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आज व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ हाती लागला, तर तो बहुधा १९५० ते १९६५ च्या दरम्यानचा असतो. त्याआधीचे संच बहुतेक विलायतेहून आलेले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि संच इथेच तयार होऊ लागले. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. व्हॉल्व्ह मात्र बराच काळ बाहेरूनच येत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते १९६१ मध्ये बनवायला घेतले. त्यामुळे एकाच चेसिसवर (संचाच्या आतल्या धातूच्या सांगाड्यावर) हॉलंडचा आणि बंगळुरूचा व्हॉल्व्ह शेजारी बसलेले दिसले तर शंका घेऊ नये.

घेताना पहिला प्रश्न एकच विचारावा: संच नुसत्या एसीचा आहे की एसी-डीसी? त्या काळी सगळीकडे एसी वीज नव्हती. कोलकात्याच्या काही भागांत तर डीसी पुरवठा पुढे कितीतरी दशके चालू राहिला. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून कंपन्यांनी तो काढूनच टाकला आणि सगळ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) एकामागे एक जोडले. संच स्वस्त आणि हलकाही झाला, त्यामुळे जिथे एसी होती तिथेही तो खपला.

फिलिप्सच्या यू मालिकेचा नेहमीचा पाच जणांचा संच घ्या: यूसीएच ४२ ला १४ व्होल्ट, यूएफ ४१ ला १२.६, यूबीसी ४१ ला १४, यूएल ४१ ला ४५ आणि यूवाय ४१ ला ३१. बेरीज ११६.६ व्होल्ट, करंट सगळ्यांतून तोच १०० मिलिअँपिअर. २३० मधले उरलेले ११३ व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्स खातो. तो साधारण ११३० ओहमचा असतो आणि ११ वॅट उष्णता सतत बाहेर टाकतो. बदलायचा झाला तर २५ वॅटचा वायरवाउंडच घालावा. त्याच्या शेजारचे मेणाचे कंडेन्सर आणि वायरींचे रबर आधी का जातात, ते इथे कळते.

या रचनेचा खरा धोका चेसिसमध्ये आहे. ती थेट मेन्सच्या (घरच्या विजेच्या) एका वायरीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चेसिस आणि नॉबचे स्क्रू फेजवर येतात. कारखान्यातून निघताना त्या स्क्रूंवर मेण भरलेले असे, पण पन्नास वर्षांत ते कुणी ठेवलेले नसते. १०० व्हीए चा वन-टू-वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर अशा संचाला हात लावू नये. सिरीज बोर्डावरचा, संचाच्या वाटेत जोडलेला ६० वॅटचा बल्ब शॉर्टपासून संच वाचवतो, माणसाला नाही.

दुसरे दुखणे कागदी कंडेन्सरचे. प्लॅस्टिक फिल्म सर्रास मिळू लागण्याआधी ॲल्युमिनियमची पट्टी आणि कागद गुंडाळून त्यावर मेण किंवा डांबर ओतत. कागद दमट हवेतले पाणी ओढतो, आणि कोकणपट्टीतल्या पावसाळ्यांनी ते काम चोख केलेले असते. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या, वरच्या संचात यूएल ४१) ग्रिडला, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला, जाणारा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सर्वांत घातक. तो गळू लागून त्याचा रोध १० मेगओहमवर उतरला, आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर १०० व्होल्ट आणि ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहम असला, तर ग्रिडवर साडेचार व्होल्ट धन दाब चढतो. व्हॉल्व्ह मग बेफाम करंट ओढतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो पुन्हा मिळवणे हेच सगळ्यांत महाग.

संच तापल्यावर डिजिटल मीटरने ग्रिड आणि चेसिसमधला दाब मोजा. तो जवळपास शून्य हवा. धन दाब दिसला तर संच बंद करून कंडेन्सरचा एक पाय सोडवा आणि पुन्हा मोजा. दाब तरीही राहिला तर दोष व्हॉल्व्हचा. यूएल ४१ याबाबतीत बदनामच आहे. एसी-डीसी संचात व्हॉल्व्ह उपटून चाचणी करता येत नाही, कारण सगळी साखळीच तुटते. नवा कंडेन्सर ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घ्यावा. मेन्सच्या दोन वायरींमध्ये असलेल्याच्या जागी मात्र एक्स-टू वर्गाचाच, म्हणजे मेन्सवर थेट जोडण्यासाठी बनवलेला.

जुन्या मिस्त्रींच्या खुणाही वाचाव्या लागतात. सुटे भाग दुर्मिळ, त्यामुळे मिळेल ते बसवले जाई. यूवाय ४१, म्हणजे एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह, गेला की बीवाय १२७ डायोड ठोकायचा, ही सर्रास पद्धत. डायोड चटकन चालू होतो, व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात. तेवढ्या वेळात फिल्टर कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट आणि मेन्स २४० असेल तर ३४० पर्यंत चढतात. मूळचा ३५० व्होल्टचा, वाळलेला कंडेन्सर इथेच फुटतो. डायोड ठेवायचाच असेल तर त्याला सिरीजमध्ये १०० ते २२० ओहम, कंडेन्सर ४५० व्होल्टचे, आणि गेलेल्या ३१ व्होल्टांसाठी फिलामेंटच्या साखळीत ३३० ओहम, १० वॅट. हा शेवटचा रेझिस्टन्स घालायला कुणी तरी विसरलेले असते, आणि उरलेले चार व्हॉल्व्ह त्याची किंमत मोजत असतात.

बँड स्विचची झीज ही रेडिओ सिलोनची देणगी. १९५० च्या दशकात हिंदी सिनेसंगीतासाठी घरोघरी शॉर्टवेव्हवर उडी मारली जाई. विविध भारती आली ती ऑक्टोबर १९५७ मध्ये. काळे पडलेले संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतात. सँडपेपर लावला की चांदीचा मुलामा जातो.

ट्रान्झिस्टर संचांत ही यादी बदलते. एएफ ११४ ते एएफ ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांत डबीच्या आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पायांना डबीशी शॉर्ट करतात. चौथा, शील्डचा (डबीला जोडलेला) पाय कापला की रेडिओ बहुतेकदा बोलू लागतो. पण तंतू तसेच राहतात, आणि दोन पाय त्यांच्यामार्फत एकमेकांना जोडले गेले की ट्रान्झिस्टर बदलण्यावाचून इलाज नसतो.