एकाच वयाची शहरं : ठाणे-नवी मुंबईच्या म्हातारपणाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर लागला की वाशीतल्या बँकांसमोर दहाच्या आधीच रांग लागते. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड, पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स. हयातीचा दाखला द्यायचा असतो. गेल्या वर्षी माझ्या पुढे उभे असलेल्या काकांचा अंगठा काही केल्या यंत्रावर उमटेना. पुसून झाला, पाणी लावून झालं, मग दुसरं बोट, मग तिसरं. तीस-पस्तीस वर्षं लेथवर काम केलेलं, बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. शेवटी कुणीतरी मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि काम झालं. हा सगळा खटाटोप महिन्याच्या दीड-दोन हजार रुपयांसाठी होता.

ही रक्कम इतकी कमी कशी, आणि अशी माणसं एकाच वेळी एवढी कशी दिसू लागली, हे समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

१९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली. पाठोपाठ ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरला. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभारायला निघाली. त्या जमिनी आगरी-कोळी गावांच्या होत्या. त्यांच्या मोबदल्याचा लढा, १९८४ चं जासईचं आंदोलन आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ही वेगळीच मोठी कहाणी आहे. इथे मुद्दा नव्याने आलेल्यांचा. कोकणातून, घाटावरून, मुंबईच्या चाळींतून आलेली ही माणसं बहुतेक पंचविशी-तिशीतली होती. जुन्या गावात सगळ्या वयांची माणसं असतात, म्हणून म्हातारपण तिथे थोडंथोडं येत राहतं. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे अशा नोडांत, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरांत, एक अख्खी पिढी एका दशकात राहायला आली, आणि आता तिची सत्तरीही एकदमच आली आहे.

घरंही तरुणांसाठीच बांधलेली. सिडकोच्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, कारण तेव्हा जिना चढणं कुणालाच जड नव्हतं. आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं खाली उतरलेल्या नाहीत. सकाळी त्या खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडतात, दूधवाला त्यात पिशव्या टाकतो, आणि त्या हळूहळू वर ओढून घेतात. ज्येष्ठांना बसायला-बोलायला महापालिकेने काढलेली विरंगुळा केंद्रं चांगली आहेत, पण तिथे पोचायला आधी जिना उतरावा लागतो.

आता पैशाकडे वळू. कारखान्यातल्या कामगारांना १६ नोव्हेंबर १९९५ पासून ईपीएस-९५ ही पेन्शन योजना लागू झाली. हिशेब असा : पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मेख पहिल्याच आकड्यात आहे. प्रत्यक्ष पगार कितीही असो, धरायच्या पगाराला कमाल मर्यादा होती. २००१ पासून ती ६,५०० रुपये होती, २०१४ च्या सप्टेंबरात १५,००० झाली. म्हणजे १९९५ ला योजनेत आलेला आणि २०१३ ला निवृत्त झालेला कामगार धरा. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. १९९५ पूर्वीच्या नोकरीचे त्यात किरकोळ काही मिळतात, पण महागाईभत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ ला १,००० रुपये ठरली. ती ७,५०० करा, या मागणीसाठी ही मंडळी या वयात मोर्चे काढतात.

शिवाय अनेकांची नोकरी निवृत्तीपर्यंत टिकलीच नाही. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत ठाण्यातले कारखाने एकामागून एक बंद पडले किंवा बाहेर गेले, आणि घोडबंदर रोडच्या कितीतरी कारखान्यांच्या जागी टॉवर आले. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या हातात व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, रक्कम पडली. त्याने ती मुदत ठेवीत टाकली, कारण तेव्हा बँका बारा-तेरा टक्के व्याज देत होत्या आणि घर व्याजावर चालेल असं वाटलं. पुढे व्याज सहा-सात टक्क्यांवर आलं, कोविडच्या काळात त्याहूनही खाली गेलं. मुद्दल तेवढंच, उत्पन्न निम्मं, आणि औषधांचा खर्च वाढता. या लोकांनी उधळपट्टी केली नव्हती, हे मला ठासून सांगायचं आहे.

राहिला मुलांचा आधार. मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा समाजाने त्यांना छळलं. १९५२ मध्ये तेच सरकारी धोरण झालं, आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर पोचला. महाराष्ट्राने हे मनावर घेतलं. राज्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २००५-०६ मध्येच २.१ वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्याच्या पातळीवर आला होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ निघाला. बायकांचे हाल त्यामुळे कमी झाले, मुली शिकल्या, आणि ते योग्यच झालं. चूक त्या वेळच्या आईबापांची नव्हती. मुलं कमी होणार हे ठाऊक असूनही म्हातारपणाची सोय मात्र मुलांवरच सोडून दिली गेली, ही चूक धोरणाची. त्यातही 'मुलं बघतील' याचा घरातला अर्थ 'सून बघेल' असाच होता. आता सून सकाळी सातची लोकल पकडते. आईवडिलांच्या ठाण्यात घर परवडत नाही म्हणून मुलगा बदलापूरला किंवा पनवेलच्या पुढे राहतो आणि दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवतो. प्रेम असलं तरी वेळ कुठून आणायचा?

देशात २०२२ मध्ये साठीपुढची माणसं साडेदहा टक्के होती, २०५० पर्यंत ती जवळपास एकवीस टक्के होतील असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. कमावणारे हात त्या मानाने कमी पडतील हे सगळेच बोलतात. पण इथे ते आधीच दिसतंय, त्यासाठी आकडेवारी बघावी लागत नाही. म्हाताऱ्यांना सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोत फोन केला की समजतं : बारा तासांची बाई मिळेल, चोवीस तासांची मिळणार नाही, आणि मिळाली तर तिचा पगार आजोबांच्या पेन्शनच्या कित्येक पट.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे येणाऱ्या मावशी मराठवाड्यातल्या. वय पंचावन्न. रोज तोच जिना चढतात, आजींना उठवतात, आंघोळ घालतात, दुपारी उरलेल्या भाजीबरोबर भाकरी खातात. पीएफ नाही, सुट्टीचा पगार नाही. असंघटित कामगारांसाठी २०१५ ला अटल पेन्शन योजना आली, २०१९ ला श्रमयोगी मानधन ही दुसरी पेन्शन योजना. दोन्हींत नाव घालायची अट एकच, वय अठरा ते चाळीस. मावशींनी चौकशी केली होती. पहिली योजना आली तेव्हाच त्या पंचेचाळीसच्या होत्या.