झाडांनी नेमलेला राजा : योथामाच्या दृष्टान्ताची पार्श्वभूमी

बायबलमधील दृष्टान्त म्हटले की बहुतेकांना येशूने सांगितलेले दृष्टान्त आठवतात. परंतु राज्य कोणी करावे आणि राजा कोणी नेमावा, या प्रश्नाला थेट हात घालणारा दृष्टान्त त्याच्या हजारएक वर्षे आधीच्या काळातला आहे. गिदोनाचा मुलगा योथाम याने सांगितलेला हा दृष्टान्त बायबलच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात येतो. झाडे आपल्यावर राजा अभिषिक्त करायला निघतात. जैतून आपले तेल सोडायला तयार होत नाही, अंजीर आपली गोड फळे सोडत नाही, द्राक्षवेल आपला रस सोडत नाही. शेवटी काटेरी झुडपाला विचारले जाते आणि ते लगेच अटी घालते : मला खऱ्या मनाने राजा करत असाल तर माझ्या सावलीत या, नाहीतर माझ्यातून अग्नी निघून लबानोनाचे गंधसरू भस्म करील. वैशाखात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात बांधावर बोरी-बाभळीच्या काट्या लावणाऱ्या शेतकऱ्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या काट्यांची सावली किती पडते आणि वाळल्यावर त्या किती चटकन पेट घेतात, हे तो रोज पाहतो.

दृष्टान्त ज्या प्रसंगी सांगितला गेला, त्याची सुरुवात एक पिढी आधी, योथामाचा बाप गिदोन याच्यापासून होते. इस्राएलात तेव्हा राजा नव्हता. संकट आले की एखादा शास्ता पुढे येई आणि लोकांना सोडवी. मनश्शे वंशातल्या गिदोनाने ३०० माणसांनिशी मिद्यानी टोळ्यांना पळवून लावले, तेव्हा लोकांनी त्याला आणि त्याच्या वंशाला राज्य देऊ केले. त्याने ते नाकारले. तुमच्यावर परमेश्वरच राज्य करील, असे तो म्हणाला. इथवर हे आदर्श नेतृत्व आहे. मात्र त्याच दमात त्याने लुटीतली सोन्याची कुंडले मागून घेतली. त्यांचे वजन १७०० शेकेल, म्हणजे सुमारे १९ किलो भरले. त्या सोन्याचे एफोद, म्हणजे याजकाच्या पोशाखासारखी पूजेची वस्तू, करून त्याने आपल्या गावी, अफ्रा येथे ठेवले आणि लोक त्या एफोदाच्याच भजनी लागले. गिदोनाला पुष्कळ बायका आणि ७० मुलगे होते, याखेरीज शखेम येथील उपपत्नीपासून झालेला अबीमलेख होता. राजपद नाकारून राजाचा थाट ठेवल्याने पुढच्या अनर्थाची जमीन तयार झाली, असे मला वाटते. दृष्टान्ताचा विचार करताना गिदोनाची ही बाजू बहुधा वगळली जाते.

गिदोनाच्या मृत्यूनंतर अबीमलेख आपल्या आजोळी शखेमला गेला. ७० जणांनी तुमच्यावर राज्य करावे की एकाने, आणि तो एकही तुमच्याच हाडामांसाचा, असा त्याचा प्रचार होता. राज्य कसे करणार, याविषयी तो काहीच बोलला नाही. शखेमकरांनी त्यांचा देव बआल-बरीथ याच्या मंदिरातून त्याला ७० शेकेल रुपे दिले. त्या पैशातून त्याने रिकामटेकडे, उडाणटप्पू लोक भाड्याने घेतले आणि त्यांच्यासह अफ्रा येथे जाऊन एकाच धोंड्यावर आपल्या भावांची कत्तल केली. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला.

शखेमचे अवशेष आजच्या नाबलुस शहराजवळ तेल बलाता येथे आहेत. गाव गरिज्जीम आणि एबाल या दोन डोंगरांमधल्या खिंडीत वसलेले होते. इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातील अमार्ना पत्रांत, म्हणजे इजिप्तच्या राजदरबाराच्या पत्रव्यवहारात, लबाया या शखेमच्या सत्ताधीशाविषयी इतर राजांच्या तक्रारी आढळतात. त्यामुळे हे गाव राजकारणाला नवखे नव्हते. १९१३ पासून तेथे उत्खनने झाली आणि जवळपास पाच मीटर जाडीच्या भिंतींचे एक भक्कम मंदिर उजेडात आले. काही संशोधकांनी ते या कथेतल्या मंदिराशी जोडले आहे. मोशेच्या नियमशास्त्रानुसार गरिज्जीम हा आशीर्वाद उच्चारण्याचा डोंगर आणि एबाल शापाचा. शखेमकरांनी अबीमलेखाला राजा केल्यावर योथामाने गरिज्जीमच्या माथ्यावर उभे राहून हा दृष्टान्त सांगितला आणि आशीर्वादाच्या डोंगरावरून त्याने शाप उच्चारला.

तो शाप कोणाला होता, हे नीट पाहिले पाहिजे. योथाम अबीमलेखाशी एक शब्दही बोलत नाही. त्याचे सारे बोलणे शखेमकरांना उद्देशून आहे : माझ्या बापाच्या घराण्याशी तुम्ही सचोटीने वागला असाल तर अबीमलेखाबरोबर आनंद करा, नसाल तर त्याच्यातून अग्नी निघून तुम्हाला खाऊन टाको आणि तुमच्यातून निघून त्यालाही. तीन वर्षांतच तसे घडले. शखेमकरांनी बंड केले, अबीमलेखाने नगर पाडून त्यावर मीठ पेरले आणि गढीत शिरलेल्या सुमारे १००० स्त्री-पुरुषांना झाडांच्या फांद्या रचून जाळले. पुढे तेबेसच्या वेढ्यात एका स्त्रीने बुरुजावरून जात्याची वरची तळी टाकली आणि त्याचे डोके फुटले.

नकार देणाऱ्या तीन झाडांविषयी मात्र दोन मते आहेत. हा दृष्टान्त राजसत्तेलाच विरोध करतो आणि ही झाडे शहाणी आहेत, असे एक मत. चांगल्यांनी अंग काढून घेतल्याने काट्याला वाट मिळाली, हे दुसरे. मूळ वचनांत या झाडांना दोष दिलेला नाही, म्हणून पहिले मत ग्रंथाला अधिक धरून आहे. तरीही मतदार म्हणून वाचताना दुसरे मत डावलता येत नाही. पदांचा लिलाव झाल्याच्या कारणावरून नंदुरबार तालुक्यातील खोंडामळी ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केली होती, आणि पैशाने पद मिळवणे हे शखेमच्या गोष्टीचेही मूळ आहे. लोकांसाठी पुढे व्हायचे तर स्वतःचे फळ सोडावे लागते, हा जैतुनाचा मुद्दाही खानदेशाने तपासून पाहिलेला आहे. साने गुरुजी १९३० साली अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, धुळ्याच्या तुरुंगात राहिले, १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव फिरले. त्यांचे लेखन मात्र थांबले नाही आणि त्यांनी कोणतेही सत्तापद मागितले नाही.

इस्राएलात पुढे राजा आलाच. वडीलधाऱ्यांनी संदेष्टा शमुवेल याच्याकडे राजा मागितला, तेव्हा राजा तुमची मुले, शेते, द्राक्षमळे आणि पिकाचा दहावा भाग घेईल, असे त्याने आधीच बजावले. तरी त्यांनी आग्रह सोडला नाही. अबीमलेखाची आठवणही टिकून राहिली. तटाच्या फार जवळ जाऊ नये याचे उदाहरण म्हणून दावीद राजाचा सेनापती यवाब तेबेसच्या त्या स्त्रीचा दाखला देतो, आणि तो देतो उरीया या योद्ध्याच्या मृत्यूची बातमी राजाला पाठवताना, ज्या उरीयाला दाविदानेच लढाईत पुढे उभे करून मारवले होते.